शेगुल्लाबाईंचं हरोसेत

"...मग राहिलं काय, काका?"

अव्नेरने वाटी पुढे सरकवली.

हसाजी हजान ओटीवर सूप घेऊन सणाचे तांदूळ निवडत होते, मी पलीकडे बसलो होतो. त्यांनी वाटीकडे पाहिलं नाही. एक खडा सापडला, तो अंगणात टाकला.

"खजूर तोच," अव्नेर म्हणाला. "रेवदंड्याच्या त्याच दुकानातला. अक्रोड, बदाम, मनुका, आलं. पातेलं तिचंच. पळीसुद्धा तिचीच. ती करायची तसंच सगळं केलं. आता यात तिचं काय नाही, ते तुम्ही चाखून सांगा."

हसाजींनी हात झटकले, करंगळी वाटीत बुडवली आणि तोंडात घातली.

...

"चांगलं झालंय," ते म्हणाले.

"मग?"

"मग काय? चांगलं झालंय."

अव्नेरला राग आला. हजानकाकांवर रागावण्याची आमच्या आळीत पद्धत नाही, पण त्या दिवशी त्याला तो आला, आणि का आला ते कळायला थोडं मागचं सांगायला हवं.

आम्ही कोकणातले बेने इस्राएल, यहुदी धर्माचे. पूर्वी आमची माणसं तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गाव आम्हाला शनवार तेली म्हणे. आमचा मोठा सण वल्हांडणाचा. जुनी माणसं त्याला बरण्या झाकायचा सण म्हणत, कारण त्या आठवड्यात घरातलं आंबट-आंबवलेलं सगळं झाकून ठेवायचं.

सणाच्या पहिल्या संध्याकाळी सगळं घर एका ताटाभोवती बसतं. त्याला सेदेर म्हणतात. त्या ताटात एक तपकिरी लगदा असतो, तेच हरोसेत. मिसर देशात आमचे पूर्वज फारो राजाचे गुलाम होते, मातीचा गारा कालवून विटा पाडत होते. त्या गाऱ्याची ही आठवण. कडू पाल्याची काडी त्यात बुडवून खायची.

म्हणायचा गारा, पण करायचा खजूर-अक्रोडाचा. पोरं सगळी प्रार्थना त्याच्यावर डोळा ठेवून ऐकतात. गुलामगिरी इतकी गोड कशी, हा प्रश्न लहानपणी प्रत्येकाला पडतो आणि बोटं चाटता चाटता विसरतो. मलाही पडला होता.

आमच्या आळीत हरोसेत म्हटलं की शेगुल्लाबाई आष्टमकर. त्या एकट्या करायच्या आणि दुपार कलायच्या आत घराघरात वाटी पोचायची. दोन वर्षांपूर्वी पाऊस संपता संपता त्या गेल्या.

अव्नेर त्यांचा थोरला. बहीण लग्न होऊन इस्राएलला गेलेली, घरात बापलेक दोघेच. मुंबईला राहून तो धर्माचं शिकून आला होता, आणि सगळ्या प्रार्थनांचे सूर हसाजींकडे बसून उतरवून घेतले होते. हजान म्हणजे सिनेगॉगमध्ये, आमच्या प्रार्थनामंदिरात, प्रार्थना चालवणारा. हसाजींचा आवाज बसल्यापासून ते काम अव्नेर करायचा. एकदा ऐकलेलं तो विसरत नसे. त्याला गर्व होता, आणि खोटं कशाला बोलू, गर्व करण्यासारखं होतंही.

आई गेल्यावरच्या पहिल्या सणाला हरोसेत त्यानेच केलं. आळीतल्या बायका करते म्हणाल्या, त्याने कुणाला करू दिलं नाही. आम्ही सगळे त्या ताटावर होतो. इतकं सुरेख हरोसेत मी आयुष्यात खाल्लं नव्हतं.

त्याच्या वडिलांनी, इसाजींनी, पाला बुडवला, तोंडात घातला. काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग मिटलं.

"हे तिचं नाय," एवढं म्हणाले आणि उठले.

घरचा कर्ता पुरुष सेदेरच्या ताटावरून उठलेला आमच्या आळीने कधी पाहिला नव्हता. ते मागच्या वाडीत विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसले आणि प्रार्थना त्यांच्याशिवाय पुरी झाली. अव्नेरचा आवाज त्या संध्याकाळी पहिल्यांदा कापला.

त्यानंतर वर्षभर इसाजी जेवले म्हणजे ताटापुढे बसले इतकंच. कपडे अंगावर लोंबायला लागले. आणि यंदा सण महिन्यावर आला तेव्हा ते मुलाला सरळ म्हणाले, "मला ताट वाढू नको. मी वाडीत बसेन."

म्हणून अव्नेर तेव्हापासूनच हरोसेत करून बघत होता. बापाला ताटावर आणायचं तर आईची चव आणायला हवी, असा त्याचा हिशेब. रोज करायचा, चाखायचा, टाकायचा, पुन्हा करायचा. शेवटी त्याला हवं तसं जमलं. त्यातलं बोटभर त्याने बापापुढे धरलं तर पुन्हा तेच... हे तिचं नाय.

आणि हजानकाका म्हणत होते, चांगलं झालंय.

"काका, थट्टा करू नका."

"थट्टा कोण करतंय? आई करायची तेव्हा तू कुठं असायचास?"

"तिच्या शेजारी. चुलीपाशी."

"काय बघितलंस?"

"सगळं."

"सांग."

अव्नेरने डोळे मिटले आणि पाठ म्हणावा तसं सांगू लागला. रात्री खजूर भिजत घालायचा. सकाळी बिया काढायच्या. त्याच पाण्यात मंद आचेवर शिजवायचा. पंच्यात बांधून पिळायचा, चोथा कोंबड्यांना. रस पुन्हा चुलीवर. पळी उचलल्यावर धार न पडता गोळा पडला की उतरवायचा. अक्रोड-बदाम खलबत्त्यात ठेचायचे, पूड नाही करायची, दाताखाली यायला हवेत. मनुका. शेवटी आलं किसून.

"काय सुटलं नाय," हसाजी म्हणाले.

अव्नेरने डोळे उघडले. तो जरा सुखावला होता.

"आणि ती चाखायची कदी?"

"अं?"

"चाखायची कदी? आल्याच्या आदी का आल्याच्या नंतर?"

अव्नेर बोलायला गेला...

अंगणात कोंबडीने मघाचा खडा टोचून पाहिला आणि सोडून दिला.

"उतरवल्यावर," तो म्हणाला. मग म्हणाला, "नाही. वाटीत काढताना."

त्याला पळी आठवत होती. पळी धरलेला हात आठवत होता, मनगटापर्यंत सरकवलेल्या बांगड्या, धुराने चुरचुरणारे डोळे. बोट तोंडाकडे गेलेलं मात्र आठवत नव्हतं. जितकं आठवू पाहिलं तितकं ते नव्हतंच.

"चाखायची नाही," तो हळूच म्हणाला.

"कशी चाखेल? उपास नव्हता तिचा?"

"उपास बाबांचा असायचा. बाबा थोरले."

"इसाजी थोरला, त्याचा त्याला. तू पण थोरला. तू अंगठा चोखत होतास तेव्हा तुझा कोणी धरायचा?"

हाही आमच्यातलाच एक रिवाज. मिसर देशात देवाचा शेवटचा कोप झाला तेव्हा तिथल्या घराघरातला थोरला मुलगा मेला आणि आमच्या घरांवरून मरण ओलांडून गेलं. म्हणून सेदेर ज्या संध्याकाळी, त्या दिवशी उजाडल्यापासून आमचा प्रत्येक थोरला मुलगा उपास धरतो, पाणीसुद्धा घेत नाही. मुलगा तेरा वर्षांच्या आतला असला तर त्याचा बाप धरतो. आणि बाप स्वतःच थोरला असला, त्याचा उपास त्यालाच लागला, तर मुलासाठी आई धरते.

हरोसेत त्याच दिवशी व्हायचं. आदल्या दिवशी करून ठेवायची शेगुल्लाबाईंना सवय नव्हती.

"पण मी तेरा वर्षांचा झालो," अव्नेर म्हणाला. "तिथून पुढे माझा मला."

"धरलास?"

"दोन-तीन वर्षं धरला. मग मुंबईला कळलं की शास्त्राचा एखादा भाग शिकत यायचा आणि नेमका त्या सकाळी पुरा करायचा. पाठ पुरा होणं हा आनंदाचा प्रसंग, त्या दिवशी उपास राहत नाही. दर वर्षी मी पाठ पुरा करतो. नियमाला धरून आहे, काका."

"नियमाला धरून हाय," हसाजींनी मान डोलावली. "आईला सांगितलंस?"

"सांगितलं. ती म्हणाली, बरं झालं, तू जेव."

"आणि ती?"

...

"ती धरीत राहिली," हसाजी म्हणाले. "मी एकदा बोललो तिला. शेगुल्ला, पोरगा पाठ पुरा करतो, आता तुला कशाला? तर म्हणाली, पोराचा पाठ पोराला, माझी सवय मला."

अव्नेरने मान खाली घातली. मुंबईहून सणाला आला की सकाळी पाठ संपवून तो चुलीपाशी बसायचा, केळी खात, शहरातल्या गमतीजमती सांगत. आई हसत ऐकायची आणि पळी फिरवायची. ती उपाशी होती. त्याच्या नावाने उपाशी होती आणि त्याला हे ठाऊक नव्हतं. ज्याला सगळं पाठ त्याला हे ठाऊक नव्हतं.

"मला कुणी सांगितलं नाही," तो म्हणाला.

"तू विचारलं नाय."

हसाजींनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

"आता सांग. तू महिनाभर काय करतोयस?"

"चव जुळवतोय."

"जुळली?"

"तंतोतंत."

"कशाशी?"

"तिच्या चवीशी."

"कुठल्या सालच्या?"

अव्नेरला प्रश्न कळला नाही. "कुठल्या सालच्या म्हणजे? आईची चव एकच होती."

हसाजींना हसू आलं. हसले की त्यांचं तोंड पुढून रिकामं दिसायचं.

"तुझी बहीण पोटात होती त्या साली करपलं होतं. वादळानं माड पाडले त्या साली पातळ, भातावर ओतून घ्यावं असं. एकदा इतकं गोड की मुंग्यासुद्धा लांबून बघत होत्या. एका साली बी राहिली होती. हा दात कशानं गेला वाटतं तुला?"

"तुम्ही कधी बोलला नाहीत."

"आळीत कोणी बोललं नाय. उपाशी बाई सगळ्या आळीसाठी चुलीशी बसते, तिला काय बोलायचं? वाटी पुसून खायची आणि रिकामी वाटी परत द्यायची."

"नाही, काका." अव्नेरचा आवाज चढला. "मला माझ्या आईची चव आठवते. ती एकच होती."

"आठवणीत एक होती," हसाजी म्हणाले. "वाटीत नाय."

...

समोरच्या घरातून भांडी घासल्याचा आवाज येत होता. सणाची भांडी वर्षभर माळ्यावर असतात, ती उतरली की आळीत दोन-तीन दिवस हाच आवाज. पूर्वी तो दोन्ही बाजूंनी यायचा. आता निम्म्या घरांना कुलपं, माणसं इस्राएलला. माझ्या घरातलेही तिकडेच. मी इथे का राहिलो ते मला विचारू नका.

"मग बाबांना काय हवंय?" अव्नेरने विचारलं.

"मी काय इसाजी हाय?"

"तुम्ही सांगाल ते करतो. पण बाबा यंदा ताटावर बसले नाहीत, तर पुन्हा कधीच बसणार नाहीत. मला दिसतंय ते. रोज थोडे थोडे कमी होतायत. आई गेली, आता ते..."



हसाजींनी वाटी उचलली. तर्जनीने कडेपासून सुरुवात केली आणि सावकाश, चवीने, सगळं खाल्लं. तळाला चिकटलेलंही निपटून घेतलं. मग तांब्यातलं पाणी घालून वाटी विसळली, धोतराच्या सोग्याला पुसली आणि अव्नेरच्या हातात दिली.

"ही संपली," ते म्हणाले. "आता सणाच्या दिवशी कर. पाठ पुरा करू नको. उपास धर. आणि चाखू नको."

"अंदाजाने?"

"अंदाजानं."

"बिघडलं तर?"

"तर बिघडेल."

"काका, एकच संधी आहे."

"तिला काय दोन असायच्या?"

आणि हसाजी तांदूळ निवडायला लागले.

अव्नेर रिकामी वाटी घेऊन घरी गेला. तो काही पटून गेला नाही, हे मी त्याचं तोंड बघून सांगू शकतो. पण शिष्याने गुरूचं न पटलेलं करावं लागतं. पटलेलं काय, कुणीही करतं.

सणाच्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी कडू पाला द्यायला गेलो. अव्नेर चुलीपुढे होता. ओठ सुकलेले. खजुराचा वास घरभर, अंगणभर, कुंपणाच्या बाहेरही. मला माझी आई आठवली, शेगुल्लाबाई आठवल्या, वाट्या झाकून नेणाऱ्या त्या पोरी आठवल्या ज्या आता तिकडे आज्या झाल्या असतील. वास माणसाला फार मागे नेतो. मी उगाच रेंगाळलो, ते दुपारपर्यंत.

त्याने पंचा पिळला. रस बोटांवरून मनगटावर आला. हात नकळत तोंडाकडे गेला...

तिथेच थांबला. त्याने हात खाली घेतला, पाण्याने धुतला आणि पुन्हा पिळायला लागला.

"अवघड आहे," तो मला म्हणाला.

"काय?"

"हे इतकं जवळ आणि तोंडात नाही. आणि ती हसत होती. मी केळी खात होतो आणि ती हसत होती."

त्याचे डोळे भरले. त्याने धुराला दोष दिला, आणि धूर होताही.

दुपार झाली तेव्हा त्याचं डोकं हलकं झालं असावं. रस आटला, पळीतून गोळा पडला. अक्रोड, बदाम, मनुका घालून झाल्या. आलं किसून घातलं. मग दारात कुणीतरी हाक मारली, तो उठून गेला, परत आला. पातेल्याकडे बघत उभा राहिला. आलं घातलं की घालायचं राहिलं? चाखलं असतं तर लगेच कळलं असतं. वाकून वास घेतला, तर सगळ्या घरालाच आल्याचा वास येत होता. त्याने मला विचारलं. मी म्हटलं, माझं लक्ष नव्हतं बाबा.

त्याने आलं किसून घातलं.

संध्याकाळी हसाजी काठी टेकत इसाजींच्या वाडीत गेले. इसाजी विहिरीच्या कठड्यावर होते, अंगात जुनाच सदरा.

"इसाजी," हसाजी म्हणाले, "मला सेदेरला जायचंय. अंधारात मला वाट दिसत नाय. पोचव जरा."

"कोणाकडं?"

"तुझ्याकडं."

इसाजींनी त्यांच्याकडे पाहिलं. घर तिथून हाकेवर होतं, दिवा दिसत होता. पण ज्यांनी आपलं लग्न लावलं त्या म्हाताऱ्याने पुढे केलेला हात टाळायचा कसा? ते उठले. हात धरून हजानना आत घेऊन आले आणि वळून जायला लागले, तर हसाजींनी हात सोडला नाही.

"पोथीची पानं कोण उलटणार माझी?"

इसाजी बसले. ताटाकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून, पण बसले.

अव्नेरने प्रार्थना सुरू केली. उपाशी पोटी आवाज नेहमीइतका गोल निघत नव्हता, मधेच फाटत होता. मला तो जास्त आवडला. गुलामगिरीची कथा झाली, कोप झाले, समुद्र दुभंगला. बिनखमिरी भाकर मोडून वाटली. मग कडू पाल्याची वेळ आली. ज्याने त्याने आपली काडी हरोसेतात बुडवली.

हसाजींनी दोन बुडवल्या. एक इसाजींच्या हातात दिली.

इसाजींनी ती बराच वेळ नुसती धरली. मग आशीर्वाद पुटपुटून तोंडात घातली.

अव्नेरने अजून स्वतः खाल्लं नव्हतं. तो बापाकडे बघत होता. आम्ही सगळेच बघत होतो, आणि आमच्या सगळ्यांच्या जिभा पेटल्या होत्या.

...

"आलं जास्त झालंय," इसाजी म्हणाले.

अव्नेरचा चेहरा पडला. "बाबा, मी..."

"जास्त म्हंजे किती जास्त. घसा जळला माझा."

ते भिंतीकडून वळले. भाकरीचा एक तुकडा मोडला, वाटीत बुडवला आणि पुन्हा खाल्लं. पाणी प्यायले. तिसऱ्यांदा बुडवला.

"चाखलं नव्हतंस?"

"नाही."

"का?"

"उपास होता."

इसाजी मुलाकडे बघत राहिले.

"तिला पण कळायचं नाय," ते म्हणाले. "उपाशी पोटी कळतंय कुठं? तुमी पोरं निजलात की मी म्हणायचो, यंदा करपवलंस. ती म्हणायची, मग पुढल्या साली तुमी करा. मी म्हणायचो, यंदा गूळ ओतलास काय? ती म्हणायची, तुमची जीभच कडू. एका साली मी काय बोललो नाय. पाव्हणे होते. तर सगळी गेल्यावर माझ्यापुढं येऊन उभी. म्हणते, खाल्लंत ना? मग बोलला नाहीत ते?"

त्यांनी सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले. ते उघड रडत होते आणि त्यांना त्याची लाज वाटत नव्हती.

"गेल्या साली मी घास घेतला. बोलायला तोंड उघडलं. काय बोलू, अव्नेर? काय चुकलंच नव्हतं."

हसाजी पोथीत बघत होते, त्यांना ती दिसत नव्हती तरी.

इसाजींनी भाकरीचा मोठा तुकडा मोडला, हरोसेतात दोन्ही बाजूंनी बुडवला आणि मुलाच्या तोंडापुढे धरला.

"खा. सकाळपासनं उपाशी हायस. आणि काय केलंयस ते बघ."

अव्नेरने खाल्लं. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. तो म्हणाला आल्याने आलं. आम्ही मान्य केलं.

मग इसाजींनी स्वतःच स्वतःपुढे ताट ओढलं आणि भात वाढायला सांगितला. जेवता जेवता ते दोनदा पुन्हा आल्याबद्दल बोलले.

जेवणं झाली. अंगणात अव्नेर हसाजींच्या हातावर पाणी घालत होता. आतून इसाजींचा आवाज येत होता, ते कुणाला तरी करपलेल्या सालची गोष्ट सांगत होते.

"काका," अव्नेर म्हणाला, "मी आलं दोनदा घातलं. आता कळलं. पुढल्या वर्षी उपास धरेन, चाखणार नाही, पण आल्याचं लक्षात ठेवीन. एकदाच घालीन."

हसाजींनी चूळ भरली. सोग्याला हात पुसले. अंधारात काठी चाचपली, ती अव्नेरने हातात दिली.

"आलं एकदाच घाल," ते म्हणाले. "दुसरं कायतरी चुकव."